फोन आपण कापायचा नाही

मला आजही एका पिशवीचा राग येतो. कागदी, हिरवी, वर दोन कान. भोपाळमध्ये कुठल्याही गेटला ती टांगलेली दिसली की माझी बाइक आपोआप स्लो होते आणि मान वळते. आत कोणाची डाळ असेल? आणि हे घर आधी आपल्याकडून घ्यायचं का?

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या ताई म्हणाल्या, "मंगेश, तुझ्या कामाबद्दल लिही." मी म्हटलं, ताई, लोक रिटायर होऊन लिहितात, माझं अजून लग्न नाही झालं. आणि किराण्याच्या दुकानात फोन उचलतो मी, त्यात काय लिहिणार? त्या म्हणाल्या, "स्टेजवर सगळ्यांच्या नकला करतोस, तशाच लिही." आता नक्कल कागदावर कशी करतात मला माहीत नाही. आणि खरं सांगू का, ही गोष्ट नकलेनेच केलेल्या एका लफड्याची आहे. त्या वर्षी मी इतका जळलो, इतका जळलो, की दुकानातल्या मिरच्यांना कॉम्प्लेक्स आला असेल.

तर दुकान आमचं बिट्टन मार्केटला. मालक दाणी काका. त्यांचे वडील सरकारी ऑफिसबरोबर नागपूरहून इकडे आले, इथलेच झाले आणि पुढे हे दुकान काढलं. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, असला सगळा माल आमच्याकडे मिळतो, म्हणून अरेरा कॉलनीपासून पार इंद्रपुरीपर्यंतची मराठी घरं आमची गिऱ्हाइकं. मी पांढुर्ण्याचा. तिथल्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मी एकदा अख्ख्या शाळेला सुट्टी दिली होती. त्याबद्दल मला वेगळी, लांब सुट्टी मिळाली. पुढे भोपाळला आलो आणि काकांनी फोनवर बसवलं.

बाहेरच्यांना वाटतं, फोनवर यादी घेणं म्हणजे काय, ऐकायचं आणि लिहायचं. बसून दाखवा एक दिवस. मोबाइल स्पीकरवर टाकून स्टीलच्या पेल्यात उभा ठेवायचा, म्हणजे आवाज घुमून मोठा येतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. रजिस्टरमध्ये प्रत्येक घराचं एक पान. एक वस्तू लिहिली की पेनाने काउंटरवर टक करायचं. समोरच्याला कळतं, लिहिलं, पुढचं बोला. आणि शेवटचा नियम दाणी काकांचा, वडिलांपासून आलेला: फोन आपण कापायचा नाही. गिऱ्हाईक कापेल तेव्हा कापेल. कारण म्हाताऱ्या माणसांना शेवटची वस्तू फोन खाली ठेवता ठेवता आठवते.

"ठेवते हं मंग्या," असं म्हणून पेंडसे काकू पाच मिनिटं ठेवायच्या नाहीत. तिकडे कुकरची शिट्टी, काकांचा खोकला, टीव्ही, सगळं ऐकू यायचं. मग एकदम, "अरे, हिंग राहिला!" टक.

यादीवरून मला घर कळायचं. साबुदाणा वाढला की उपवास, मैदा वाढला की पाहुणे. साखर एकदम बंद झाली की रिपोर्ट आला. मी नुसता उंबरठ्यावर नाही, स्वयंपाकघरात उभा असायचो त्यांच्या. मला त्याचा भयंकर अभिमान होता.

लॉकडाऊन लागला आणि आमचं दुकान अर्ध्या शटरवर आलं. आत तिघंच. गल्ल्यावर दाणी काका, फोनवर मी, आणि माल भरायला शकीलभाई. शकीलभाई जुन्या भोपाळचे, 'यार'च्या जागी 'खाँ' म्हणणारे, काकांकडे माझ्या जन्माआधीपासून. फोन असा वाजायचा की पेला थरथरत काउंटरच्या कडेला जायचा. पाकिटांवर नावं लिहायला वेळ कुठला? मग मी एक आयडिया काढली. यादी घेऊन झाली की ती शकीलभाईंना त्या त्या गिऱ्हाइकाच्या आवाजात वाचून दाखवायची.

"तूरडाळ दे हो. पण मागच्यासारखी नको, मागच्या डाळीने दोन शिट्ट्या जास्त खाल्ल्या!"

"ये तो पेंडसे आंटी हैं," शकीलभाई पोत्यातूनच ओरडायचे आणि पेंडशांच्या खोक्यात डाळ टाकायचे. एक चूक नाही. बाहेर सगळं शहर चिडीचूप आणि आत आमच्याकडे चाळीस-पन्नास माणसं बोलतायत, असा माहौल. काका पोट धरून हसायचे. म्हणायचे, "मंग्या, तू नसतास तर मी या दिवसांत वेडा झालो असतो."

आता सबनीसांबद्दल सांगतो. इंद्रपुरीत राहतात. वडील मोठ्या कारखान्यात टेक्निशियन होते, रिटायर झालेले, आई नाही. फोन करायची मुलगी, अवनी. माझ्याच वयाची, दोन वर्षं कमी धरा. लॉकडाऊनच्या आधी एकदोनदा दुकानात आलेली, यादी कागदावर लिहून आणायची, कागद पुढे करायची, हसायची. मला वाटायचं, माझ्याकडे बघून हसते. लॉकडाऊनमध्ये तिला फोन करावा लागला आणि मला कळलं की ती अडखळते. तोतरी म्हणतात ना, ते. सगळ्या अक्षरांना नाही. 'त' ला.

आता तुम्ही किराण्याची यादी मनात आणा. तांदूळ. तूप. तूरडाळ. तेल. तिखट. तीळ.

मी काय करायचो, तर मदत. ती "त… त…" म्हणाली की मी पटकन म्हणायचो, "तांदूळ? टक. तूप? टक." ती म्हणायची, "नाही, त… तेल." "अच्छा अच्छा, तेल! टक." मला वाटायचं, किती स्मार्ट मी, तिचा त्रास वाचवतोय.

एका सकाळी तिची यादी घेतली. "झालं?" म्हटलं. ती काही बोलली नाही. मी समजलो, झालं. फोन कापायचा नाहीच, पेल्यात तसाच उभा. मी शकीलभाईंकडे वळलो आणि सबनीसांची यादी वाचली. तिच्या आवाजात. तांदळापासून सुरुवात केली, तिच्या सगळ्या अडखळत्या 'त' सकट. काका हसले. शकीलभाई नेहमी लगेच ओळखून ओरडायचे, त्या दिवशी गप्प पाकिटं भरत राहिले. मला वाटलं, ऐकू नाही गेलं. म्हणून मी परत केली. जास्त मोठ्याने.

"मालूम है किसका है, खाँ," शकीलभाई म्हणाले. "बस कर."

मी पेल्याकडे पाहिलं तेव्हा फोन बंद झाला होता. त्यात काही विशेष वाटलं नाही मला. फोन बंद होतातच.

त्यानंतर सबनीसांच्या पानावर नवी ओळ आली नाही.

हळूहळू दुसरी पानंही कोरी राहायला लागली. गंमत अशी की म्हातारी माणसं जागच्या जागी होती. पेंडसे काकू रोज फोन करत होत्या, कधीकधी नुसतं आज काय वार आहे विचारायला. गेले ते सगळे तरुण. माझ्या वयाचे! काकांनी शटरच्या फटीतून समोरच्या बिल्डिंगकडे बोट दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरून एक पोरगी दोरीने काहीतरी वर ओढत होती. हिरवी पिशवी, दोन कान.

मोबाइलवरून किराणा घरपोच देणाऱ्या एका कंपनीची ती पिशवी. कंपनी आणि तिचं ॲप, दोन्ही तेव्हा नवीन होती भोपाळात. नाव नाही सांगत, फुकट जाहिरात का करू. पण त्या कंपनीच्या बाइकवर कोण होतं ते सांगतो. माझा रूम पार्टनर, नितीन. पांढुर्ण्याला माझ्या बाकावर बसायचा. हा पोरगा शाळेत इतका कमी बोलायचा की हजेरीला त्याच्या वतीने "हजर सर" मी म्हणायचो, त्याच्याच आवाजात. कित्येक मास्तर समजत होते तोच आवाज त्याचा. आणि या प्राण्याला लोक आता पाच-पाच तारे देत होते! रूमवर आला की मोबाइल दाखवायचा. 'व्हेरी गुड सर्व्हिस.' मी चार वर्षं लोकांची डाळ शिट्ट्यांसकट लक्षात ठेवली, मला कधी अर्धा तारा दिला कोणी?

"आज कुठे कुठे गेला होता?" मी विचारायचो.

"इंद्रपुरी."

"इंद्रपुरीत कुठे?"

"सगळीकडे बे."

"सबनीस?"

"हो, जातो ना. एक दिवसाआड."

माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. "काय म्हणते?"

"काही नाही. पिशवी घेते. हसते."

"हसते? काहून?"

"मला काय माहीत. मी पण हसतो."

"तोंडाला मास्क असतो ना बे दोघांच्या! तुला कसं कळतं हसते म्हणून?"

"डोळ्यांनी कळतं," नितीन म्हणाला. आयुष्यातलं त्याचं सगळ्यात शहाणं वाक्य, आणि ते नेमकं यासाठी वापरलं त्याने.

दिवाळीला दोन महिने राहिले तेव्हा काकांनी मला समोर बसवलं. रजिस्टर उघडं होतं. त्यांनी कोरी पानं उलटून दाखवली, एकेक. मग म्हणाले, "मंग्या, म्हाताऱ्यांच्या चार फोनसाठी माणूस बसवता येत नाही रे. दिवाळीपर्यंत पोरंसोरं परत आली तर ठीक. नाहीतर फोन मी बघीन, तू गोदामात शकीलला मदत कर."

गोदामात! पोत्यांची नक्कल करू का मी?

मला कळेना की हे गेले कशासाठी. कोरोनाची भीती म्हणावी, तर आम्हीही गेटवरच ठेवत होतो पिशवी. डिस्काउंट म्हणावं, तर काकाही देत होते. फॅशन असेल, मी म्हटलं. पण विचारायचं कसं? 'मंगेश बोलतोय, तुम्ही मला का सोडलं' हे प्रेयसीला विचारतात, किराण्याच्या गिऱ्हाइकाला नाही. मग मी माझ्या अकलेप्रमाणे केलं. माझ्या स्वतःच्या मोबाइलवरून, बाईचा आवाज काढून, हिंदीत.

"नमस्कार सर, मैं फीडबैक विभाग से अंजली बोल रही हूँ। आप किराना ऐप से क्यों मँगाते हैं, बस दो मिनट बताएँगे?"

अंजली मॅडम मस्त जमली होती. नाकात थोडी, शेवटी गोड. आणि लोक तिला काय काय सांगायला लागले!

पेंडसे काकूंचा नातू रोहित. इंजिनीअरिंगचा, कॉलेज बंद म्हणून घरी अडकलेला. म्हणाला, "मैडम, दुकान पे एक भैया है। उसको नूडल्स बोलो तो शाम तक दादी को पता चल जाता है।" खरं होतं. मीच सांगितलं होतं काकूंना, की रोहितने सहा पाकिटं मागवली, पोट सांभाळा त्याचं. काळजीनेच सांगितलं होतं हो.

एक मुलगी, नोकरी करणारी, भाड्याच्या खोलीत राहते. ती म्हणाली, पॅड्स सांगितले की तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारतो, कौन सा, बड़ा कि छोटा. आणि तिचं उत्तर दुकानभर घुमवायचा माझा स्टीलचा पेला.

आणि एक नवी सून, तिचं उत्तर मी अजून विसरलो नाही. "मैंने अपनी पसंद की चाय माँगी थी। भैया बोले, आपके यहाँ तो ये चाय नहीं जाती।" आमच्या रजिस्टरमध्ये त्या घरचं पान सासूबाईंचं होतं. चहा, तांदूळ, साबण, सगळं सासूबाईंचं. त्या पानावर सुनेला जागाच नव्हती. ॲपमध्ये तिने स्वतःच्या नावाने नवीन पान उघडलं होतं.

मी कल्पना केली होती की पोरं मोबाइलच्या नादी लागून गेली. आणि ही सगळी नाव न घेता माझ्याबद्दलच बोलत होती. मला स्वतःचं ज्यासाठी कौतुक होतं, की मला घराघरातलं कळतं, तेच नको होतं त्यांना. त्या हिरव्या पिशवीला काहीच कळत नव्हतं. तिचं क्वालिफिकेशनच ते होतं! कसं जळायचं सांगा, तुमच्यापेक्षा कमी कळणारा तुमच्यापुढे गेला तर?

शेवटी सबनीसांना लावला. खरं तर मला तिला कारण विचारायचंच नव्हतं. नितीनबद्दल काही म्हणते का, ते बघायचं होतं.

"जी, बोलिए," तिचा आवाज.

अंजली मॅडमने प्रश्न विचारला. तिकडे शांतता. आता मी मंगेश असतो तर शब्द भरला असता. पण अंजली मॅडमला काय माहीत, ही कशाला अडते? मॅडमला थांबणं भाग होतं. म्हणून मी थांबलो. पहिल्यांदा. इतका वेळ की मला माझ्या खोलीतला पंखा ऐकू आला.

"ऐप में," ती म्हणाली, "मुझे त… त… तूर दाल बोलनी नहीं पड़ती।"

मी मोबाइल कानाला घट्ट लावला.

"उँगली रखो, हो गया। ऐप रुकता है। कोई बीच में नहीं बोलता।" मग थांबून, "पहले एक दुकान थी। वहाँ एक लड़का था, अच्छा था, हँसाता था। एक दिन मैं त… त… तिल बोलने की कोशिश कर रही थी। बाबा को उसकी चटनी लगती है। शब्द नहीं आ रहा था, और फोन चालू था। और वो मेरी आवाज़ निकाल रहा था। दो बार।"

माझ्या हातात पेन होतं. सवयीने असतंच. मला ऐकायचं नव्हतं आणि हात नेहमीचं काम करत होता. तीळ ऐकलं आणि टेबलावर आपोआप झालं. टक.

ती एकदम मराठीत बोलली. एकही अक्षर न अडखळता.

"मंगेश, पेन खाली ठेव."

मी ठेवलं. अंजली मॅडम तिथेच मेली. मी माझ्या आवाजात "सॉरी" म्हटलं, आणि तो आवाज मला इतका अनोळखी वाटला की कोणीतरी माझी वाईट नक्कल करतंय असं वाटलं. तिने फोन कापला. आपण कापायचा नाही, तिने कापला, बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना सगळं सांगितलं. मॅडमसकट. काका चिडले आधी. मग ती दोनदा केलेली नक्कल सांगितली तेव्हा रजिस्टर उगाच सरळ करायला लागले, कारण हसले तेही होते. मी म्हटलं, काका, एक दुसरा नंबर घेऊ. नुसता मेसेजचा. यादी लिहून पाठवा, आम्ही फक्त 'हो' लिहू. कोणत्या घरचं पान, ते शोधायचं नाही. आणि नावं मी पाकिटावर पेनाने लिहीन.

"और ये रेडियो?" शकीलभाईंनी माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"बंद."

"पूरा नहीं, मियाँ," ते म्हणाले. "पेंडसे आंटी को चलने दे। वो खुद पूछती हैं, आज मेरी आवाज़ निकाली कि नहीं।"

नंबरचा कागद मी सगळ्या कोऱ्या पानांच्या घरी स्वतः नेऊन टाकला. नव्या सुनेचा मेसेज आला पहिला, तिच्या चहाचा. रोहितचा आला, नूडल्सचा. मी जीभ दाताखाली धरली आणि 'हो' लिहिलं. गोदाम टळलं. काकांनी पुन्हा तो विषय काढला नाही. पण मी मेसेज उघडत होतो ते दुसऱ्याच नावासाठी. नितीन अजूनही एक दिवसाआड इंद्रपुरीला जात होता आणि अजूनही डोळ्यांनी कळून घेत होता.

वसुबारसेला सकाळी तिचा मेसेज आला. 'सबनीस. तांदूळ, तूप, तूरडाळ, तेल, तिखट. तीळ पाव किलो.'

कुठे नमस्कार नाही, कसा आहेस नाही. मी चार जोक लिहिले, चारही पुसले. 'हो' पाठवलं.

पिशवी मी भरली, मीच घेऊन गेलो. गेटवर पोचलो तर काय, नितीनची बाइक! दूध मागवलं होतं तिने त्याच्याकडून. म्हणजे आम्हाला दोघांनाही एकाच वेळी बोलावलं होतं. त्याने हिरवी पिशवी दिली, तिने घेतली, दोघं हसले, डोळ्यांनी. मला खरंच कळलं की हसले. नितीन बाइककडे गेला. मी माझी पिशवी पुढे केली आणि दोन पावलं मागे उभा राहिलो.

तिने जाता जाता पिशवी उघडून बघितली. एक पाकीट काढून हातावर तोललं. माझ्याकडे वळली. मास्कआड ओठ हलले, आणि शब्द अडकला.

मला शब्द माहीत होता. पाकीट तिच्या हातातच होतं. माझी जीभ दातांपर्यंत आली होती. मी पाय जमिनीत रोवून उभा राहिलो. रस्त्यावरून एक भाजीवाला ठेला ढकलत गेला, पूर्ण गेला, वळला.

"त… तीळ," ती म्हणाली, "जास्त घातलेत. मी पाव किलो लिहिलं होतं."

"हो."

"परत ने. पुढच्या वेळी नीट बघ."

"हो."

ती आत गेली. मी जास्तीचे तीळ घेऊन बाइकपाशी आलो. नितीन किल्ली फिरवत तसाच बसला होता. त्याच्या मोबाइलवर तेवढ्यात टिंग झालं. पाच तारे. त्याने बघितलेही नाहीत.

"काय म्हणत होती रे इतका वेळ?"

"काही नाही. तक्रार केली."

तो गेटकडे बघत राहिला. "माझ्याशी कधीच नाही बोलत बे," नितीन म्हणाला.